श्रवणयंत्राचा आवाज मध्येच का जातो?

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांच्या घरात पावसाळ्यात एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘मशीन मधेच बंद पडतं आणि थोड्या वेळानं आपोआप सुरू होतं.’ पूर्ण बंद पडलेले यंत्र लगेच दुरुस्तीला जाते. आवाज जात-येत असलेले यंत्र मात्र काही दिवस तसेच वापरले जाते आणि मग कपाटात पडते. आजी-आजोबा हळूहळू गप्पांतून, फोनवरून, कीर्तनातून बाजूला होतात. घरच्यांना वाटते, ‘त्यांचं लक्षच नसतं.’ खरे तर यातील बरीच कारणे घरीच शोधता येतात. फक्त तपासणीचा क्रम पाळायला हवा.

पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. या छोट्या गोल बॅटऱ्या बहुधा झिंक-एअर प्रकारच्या असतात. स्टिकर काढला की बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि त्यातील प्राणवायूवर बॅटरी चालते. म्हणून स्टिकर काढल्यावर एक ते पाच मिनिटे थांबूनच ती यंत्रात घालावी. स्टिकर निघाल्यावर यंत्र बंद ठेवले तरी बॅटरी उतरत राहते. खरेदी करताना क्रमांक आणि रंग पाहावा : 10 पिवळा, 312 तपकिरी, 13 नारिंगी, 675 निळा. वापरलेली बॅटरीही लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. ती गिळल्यास अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

दुसरे कारण घाम आणि दमट हवा. कानामागच्या यंत्राच्या नळीत पाण्याचा थेंब अडकला की आवाज अडतो, थेंब सरकला की परत येतो. नळी यंत्रापासून वेगळी करून रबरी ब्लोअरने कोरडी करावी. तोंडाने फुंकू नये, कारण श्वासातही ओलावा असतो. रात्री बॅटरीचे झाकण उघडे ठेवून यंत्र सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. हेअर ड्रायर किंवा कडक ऊन यांनी यंत्र बिघडते.

तिसरे कारण कानातला मळ. यंत्राचे तोंड खाली धरून मऊ ब्रशने साफ करावे, म्हणजे मळ आत ढकलला जात नाही. टाचणी घालू नये. मळाची जाळी असेल तर ती बदलावी.

आता यंत्र सुरू करून मुठीत धरावे. शिट्टीसारखा आवाज आला तर यंत्रातून आवाज बाहेर पडतो आहे. काही नव्या यंत्रांत ही शिट्टी दाबलेली असते, त्यामुळे ती आली नाही म्हणजे बिघाडच आहे असे नाही. मग यंत्र कानात घालून दुसऱ्या कोणीतरी मागे उभे राहून नेहमीच्या आवाजात ‘आ, ई, ऊ, म, स, श’ म्हणावे आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणावे. कोणता ध्वनी निसटतो हे ऑडिओलॉजिस्टला सांगितले तर यंत्राची जुळवणी करताना उपयोग होतो.

यंत्र ठीक असूनही ऐकू येत नसेल तर कान तपासून घ्यावा. साठलेला मळ डॉक्टर काढून देतात. काडी, पिन किंवा गरम तेलाचे प्रयोग टाळावेत.

एका बाबतीत मात्र हा सगळा क्रम बाजूला ठेवावा. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाचे ऐकणे अचानक कमी झाले, सोबत कानात आवाज येऊ लागले किंवा चक्कर आली, तर बॅटरी बदलत बसू नये. हा आतल्या कानाचा किंवा श्रवणाच्या नसेचा आजार असू शकतो. त्यावरील स्टेरॉइडचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यातही जितक्या लवकर सुरू होतील तितके उपयोगी ठरतात. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. तोंड वाकडे होणे, बोलताना अडखळणे किंवा हातापायांत कमजोरी असेल तर थेट आकस्मिक विभाग गाठावा.

बाकीच्या वेळी एक वही जवळ ठेवावी. आवाज केव्हा गेला, घाम आला होता का, काय केल्यावर परत आला, हे लिहावे. जात-येत असलेला दोष दवाखान्यात नेमका दिसत नाही. अशा वेळी या चार ओळी तपासणाऱ्याला दिशा देतात.