दुसऱ्याही हाताची नाडी

नाडी पाहावयाची ती पुरुषाची उजव्या हाताची आणि स्त्रीची डाव्या हाताची, अशी आमच्याकडील जुन्या वैद्यांची वहिवाट. परंतु एका मनगटाशी नाडी ठसठशीत चालत असता दुसऱ्या मनगटाशी ती जवळजवळ लुप्त असू शकते, हे ज्याने दोन्ही हात चाचपलेच नाहीत त्याच्या ध्यानात यावे कसे? दोन हातांच्या रक्तदाबांत पाऱ्याच्या १५-२० मिलिमीटरांहून अधिक तफावत आढळली, की हासळीच्या हाडाखालून बाहूकडे जाणाऱ्या सबक्लेव्हियन धमनीत अडथळा असल्याचा संशय घ्यावा. तो बहुधा डावीकडचा निघतो.

अशा अडथळ्यामुळे ओले लुगडे दोरीवर टाकता टाकता हात भरून येतो, आणि कधी डोळ्यांपुढे अंधारीही येते. ही अंधारी मोठी विलक्षण, कारण उपाशी हात मानेतून मेंदूकडे चढणाऱ्या एका धमनीतले रक्त उलटे खाली ओढून घेत असतो. १९६१ साली या प्रकाराला ‘सबक्लेव्हियन स्टील’, म्हणजे चक्क चोरी, हे नाव मिळाले; वैद्यकाच्या रुक्ष दप्तरात असा फौजदारी शब्द विरळाच.

उतारवयात, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत, धमनीच्या भिंतीवर साचलेला मेद हे या अडथळ्याचे नेहमीचे कारण. तरुण स्त्रियांत मात्र ताकायासू या जपानी नेत्रवैद्याच्या नावाने ओळखला जाणारा, धमन्यांच्या दाहाचा विकार असू शकतो. १९०८ साली त्यांनी एका तरुणीच्या नेत्रपटलावरील रक्तवाहिन्यांची विचित्र गुंफण वर्णिली होती. हा दाह भडकलेला असता सुरी उचलू नये, आधी औषधांनी तो शमवावा.

खांद्याभोवतीच्या लहान वाहिन्या आडवाटेने रक्त पोहोचवीत असल्याने पुष्कळांना शस्त्रक्रिया लागतच नाही. लागलीच तर प्रथम फुगा व स्टेंट. तेही साधले नाही, म्हणजे हासळीच्या वर चीर घेऊन, मानेतील कॅरोटिड धमनीपासून अडथळ्यापलीकडच्या धमनीपर्यंत सहा ते आठ मिलिमीटर व्यासाची कृत्रिम नळी शिवतात. छाती उघडावी लागत नाही. हात पोसण्यासाठी मेंदूच्या वाट्याला कात्री लावली की काय, असे कोणी विचारील; पण कॅरोटिड निरोगी असली तर ती आपला प्रवाह वाढवून दोघांनाही पुरवठा करते. धोका निराळा आहे: त्याच अरुंद जागेत श्वासपटलाचा मज्जातंतू असतो, आणि डावीकडे दुधासारखा रस वाहणारी नाजूक नलिकाही.

अडथळा दंडात असेल, तर पायाची नीला काढून, तिच्या झडपांनी रक्त अडवू नये म्हणून उलटी फिरवून जोडतात. पायाच्या बाबतीत कुन्लां या शल्यविशारदांनी १९४८ साली पॅरिसात हीच युक्ती योजिली होती. टाके पुरे होतात, चिमटे सुटतात, आणि शल्यविशारदाची बोटे रुग्णाच्या मनगटावर नाडी शोधू लागतात.