बारसे एका लघुग्रहाचे

गेल्या श्रावणात माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचे बारसे झाले. पाळणा सजला, घुगऱ्या तयार झाल्या, पण नाव काही ठरेना! आईला घराण्यातले नाव हवे, भावजयीला नवे. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. निवाडा माझ्याकडे आला आणि मी दोघींचाही राग ओढवून घेतला. तेवढ्यात पुतण्याने विचारले, "काका, आकाशातल्या लघुग्रहांची नावं कोण ठेवतं?"

"शोधणारा सुचवतो आणि आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ मान्यता देतो," मी म्हणालो. मग त्याला एका जुन्या बारशाची हकीकत सांगितली. तीच वाचकांपुढे ठेवतो.

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान लघुग्रहांचा मोठा पट्टा आहे. आज दहा लाखांहून अधिक लघुग्रह ठाऊक आहेत. त्यांतला ६७ क्रमांकाचा आपल्या देशातून सापडला. नॉर्मन पॉग्सन हा इंग्रज ज्योतिर्विद १८६१ साली मद्रासच्या वेधशाळेत प्रमुख म्हणून आला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला त्याला हा सापडला. दुर्बिणीतूनही लघुग्रह ताऱ्यासारखा ठिपकाच दिसतो. फरक एवढाच, की तारे आपापल्या जागी असतात आणि हा पाहुणा दुसऱ्या रात्री थोडा सरकलेला असतो. त्यासाठी नकाशाशी ताऱ्यांचा एकेक ठिपका ताडून पाहायचा. डोळ्यांची आणि धीराची कसोटीच ती!

आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच लघुग्रह, म्हणून त्याचे नाव 'एशिया' ठेवले. ग्रीक पुराणांत त्या नावाची एक देवताही आहे. सुमारे ६० किलोमीटर व्यासाचा हा गोटा सूर्यापासून सरासरी ३६ कोटी किलोमीटरवरून फिरतो. कक्षा लांबट, म्हणून कधी साडेएकोणतीस कोटींपर्यंत जवळ येतो, तर कधी त्रेचाळीस कोटींपर्यंत दूर जातो. एका प्रदक्षिणेला त्याला पावणेचार वर्षे लागतात.

नाव मोठे गोड; पण त्याच वेधशाळेत 'आशिया' हा शब्द आणखी एका ठिकाणी कोरलेला होता. १७९२ साली तिथे उभारलेल्या ग्रॅनाइटच्या खांबावर असा आशय आहे, की ब्रिटिशांच्या औदार्याने गणितशास्त्रे आशियात प्रथम रुजली, हे हजार वर्षांनंतरच्या पिढ्यांना कळावे. हे वाचून मला आपल्या चाळीसगावजवळचा पाटण्याचा शिलालेख आठवतो. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, त्याचा हा लेख तेराव्या शतकाच्या आरंभीचा, आणि त्यात जुन्या मराठीतल्या ओळीही आहेत. वर्गात तो शिकवताना वाटते, मद्रासच्या दगडाला हा दगड कुणीतरी दाखवायला हवा होता!

त्या वेधशाळेतच आणखी एक माणूस होता, चिंतामणी रघुनाथाचारी. पॉग्सनचा हा मदतनीस. १८६७ साली त्याने एक रूपविकारी तारा शोधला. १८७४ मध्ये शुक्र सूर्यबिंबावरून गेला, तेव्हा सामान्य लोकांना ते समजावे म्हणून त्याने पुस्तिका लिहिली आणि ती अनेक भारतीय भाषांत निघाली. पॉग्सनचे नाव ग्रंथांत राहिले. याचे किती जणांना ठाऊक आहे? माझ्या पुतण्याला नव्हते. खरे सांगायचे तर चाळिशी उलटेपर्यंत मलाही नव्हते.

म्हणून मला 'एशिया' हे नाव आता वेगळ्या अर्थाने आवडते. ते एका माणसाचे नाही. त्यात पॉग्सन बसतो, रघुनाथाचारी बसतो, पाटण्याचा चांगदेवही बसतो. ठेवणाऱ्याच्या मनात काही का असेना, नाव त्याच्याहून मोठे निघाले.

हकीकत संपली तेव्हा आई हसत होती. आत्याने बाळाच्या कानात दोन्ही नावे सांगितली. बाळ दोन्हींना हसते.