विजेंदरला लढतीच कमी पडल्या

ऑक्टोबर २०१५मध्ये मँचेस्टरला विजेंदर सिंग पहिल्या व्यावसायिक लढतीसाठी रिंगमध्ये उतरला, तेव्हा त्याची तिशी अगदी तोंडावर आली होती. बीजिंग ऑलिम्पिकचं ब्राँझ आणि ग्वांगझू आशियाई स्पर्धेचं सुवर्ण हरियाणातल्या बसचालकाच्या या मुलाने कमावलं होतं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये मात्र पाटी कोरी होती.

हे दोन खेळ वेगळेच म्हणायला हवेत. बीजिंगला दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या होत्या. पाचपैकी तीन पंचांनी सेकंदाच्या आत बटण दाबलं की गुण. त्यामुळे ठोसा टेकवायचा आणि मागे सरायचं. व्यावसायिक किताबासाठी तीन मिनिटांच्या दहा-बारा फेऱ्या. डोक्याला संरक्षण नाही, आणि बरगड्यांवर बसणाऱ्या ठोशांचा हिशेब सातव्या-आठव्या फेरीत चुकता होतो.

विजेंदर हे शिकला, याबद्दल मला शंका नाही. जुलै २०१६मध्ये दिल्लीत केरी होपविरुद्ध तो दहाही फेऱ्या टिकला आणि डब्ल्यूबीओचा आशिया-पॅसिफिक किताब जिंकला. वर्षभराने वरळीत चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीलाही त्याने गुणांवर हरवलं. २०१७ संपताना दहा लढती, दहा विजय.

आणि इथेच गाडी अडली. हौशी खेळाडूला पतियाळाचं शिबिर मिळतं, संघटना स्पर्धा ठरवते, प्रतिस्पर्धी समोर आणून उभा करते. व्यावसायिकाला प्रमोटर, प्रायोजक, प्रक्षेपण हे सगळं जुळून आलं तरच लढत. भारतात तर अख्खा कार्यक्रम त्याच्या एकट्याच्या नावावर उभा करावा लागे. २०१८मध्ये एकही लढत नाही. पुढच्या वर्षी सरावातल्या दुखापतीने अमेरिकेतलं पदार्पण लांबलं, त्यात दक्षिण दिल्लीची लोकसभा निवडणूक आणि पराभव. २०१९मध्ये दोनच लढती, नंतर करोना.

मार्च २०२१मध्ये पणजीला, मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या छतावर, पस्तिशीतला विजेंदर सुमारे सोळा महिन्यांनी लढत होता. समोर रशियाचा आर्तिश लोपसान, कितीतरी उंच आणि तरुण. लांब हातांच्या पलीकडे शिरायचं तर पाय हलायला हवेत आणि नेमकं अंतर सापडायला हवं. ते फक्त लढतींतूनच येतं. पाचव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. व्यावसायिक कारकिर्दीतला तो पहिला पराभव.

लोक म्हणाले, वय झालं. झालंच होतं. पण वयाच्या ऐन उमेदीतली दोन-तीन वर्षं रिंगबाहेर गेली, ती कोणी मोजली नाहीत. ऑगस्ट २०२२मध्ये रायपूरला घानाच्या एलियासू सुलेला त्याने दुसऱ्याच फेरीत झोपवलं. सात वर्षांतली ती चौदावी लढत होती.