तीस हजारांत जुनी स्प्लेंडर: आधी कागद, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले. "दादा, घरी जुनी गाडी पडून आहे, उभी करायला किती खर्च येईल?" तर आजचा भाग त्यावरच. ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा लिखित अवतार. बोलतानाचं 'अं, म्हणजे' काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

उदाहरण घरचंच घेतो. माझ्या मामांची २००५ची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस. मामा २०२१ मध्ये गेले आणि गाडी मिरजेच्या घरी जिन्याखाली ताडपत्रीत गेली. भंगारवाला साडेचार हजार देत होता. यंदा मामेभाऊ कॉलेजला लागला, कॉलेज घरापासून अकरा किलोमीटर. नवी गाडी घ्यायची तर ऐंशी-नव्वद हजारांची गोष्ट. मामी म्हणाली, "तू इंजिनीअर आहेस ना? बघ की जरा." (मी सॉफ्टवेअरचा इंजिनीअर आहे, हे मामीला आजही फारसं पटलेलं नाही.) तिच्याकडे भिशीचे तीस हजार होते. त्याच्या वर गेलं तर ते पोराच्या फीमधून जाणार, एवढा साधा हिशोब.

बरेच जण विचारतात, स्प्लेंडर कशाला, आरएक्स १०० कर ना! अरे बाबांनो, आरएक्स १०० बंद होऊन १९९६ पासून किती वर्षं झाली बघा. आज चांगली आरएक्स नुसती विकत घ्यायलाच या सगळ्या बजेटपेक्षा जास्त पैसे जातात, आणि ओरिजिनल पार्ट म्हणून जे विकतात त्यातलं किती ओरिजिनल असतं हा वेगळा एपिसोड होईल. स्प्लेंडर १९९४ ला आली आणि तिचं ९७.२ सीसीचं इंजिन मूळ रचना तीच ठेवून आजही बनतंय. त्यामुळे पार्ट पुण्याच्या नाना पेठेत मिळतात तसे तालुक्याच्या गावातही मिळतात. कमी पैशात काम करायचं तर हा मुद्दा इंजिनाच्या आवाजापेक्षा मोठा आहे.

आता कागद. इथे कंटाळा करू नका, कारण पाना हातात घेण्याआधी गाडी कायद्याने जिवंत आहे का ते बघावं लागतं. खासगी दुचाकीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मामांनी २०२० मध्ये ते केलं होतं, म्हणजे मुदत ऑक्टोबर २०२५ पर्यंत. आम्ही सुरुवात केली जुलैत. मुदत उलटली की उशिराचा दंड महिन्यागणिक चढत जातो, आणि आमच्याकडे चढायला जागाच नव्हती. त्यात ऑगस्टमध्ये केंद्राने वीस वर्षांहून जुन्या दुचाकीची नूतनीकरण फी २००० रुपये केली. २०२२ पासून ती १००० होती.

एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला तर दोन गाठी दिसल्या. पहिली, गाडी अजून मामांच्या नावावर. मालक हयात नसेल तर नेहमीचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म चालत नाहीत, फॉर्म ३१ लागतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. कायद्याप्रमाणे तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. दुःखात हे कोणाच्या डोक्यात येणार? उशिराचे पैसे भरून गाडी मामीच्या नावावर केली. तुमच्या घरी आजोबांच्या नावावरची गाडी असेल तर हे आजच बघा.

दुसरी गाठ जास्त चिवट निघाली. मामांनी कर्ज २००८ मध्येच फेडलं होतं, पण फायनान्स कंपनीचं नाव आरसीवर तसंच. ते काढायला फॉर्म ३५ आणि कंपनीची एनओसी लागते. त्या कंपनीची जवळची शाखा कधीच बंद झालेली. एनओसी यायला पाच आठवडे गेले. आमचं नशीब की मामांनी शेवटच्या हप्त्याची पावती गाडीच्या पुस्तकात चिकटवून ठेवली होती. नाहीतर आपण फेडलंय हे सिद्ध करण्यातच ऑक्टोबर उजाडला असता. जुनी गाडी बाहेरून विकत घेणार असाल तर हा बोजा आणि थकलेली ई-चलनं आधी तपासा, चेसिस नंबर पुसून आरसीशी ताडून बघा, मगच भावाचं बोला.

एनओसीची वाट बघता बघता इंजिन उघडलं. उघडलं म्हणजे लगेच नाही. चार वर्षं बंद असलेल्या गाडीला पहिल्याच दिवशी किका मारत बसू नका. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. आम्ही प्लग काढून आत दोन चमचे इंजिन ऑइल सोडलं, रात्रभर ठेवलं आणि सकाळी प्लग न लावताच हलक्या हाताने किक फिरवली. फिरली. मग कार्ब्युरेटर खोलला. आतलं पेट्रोल वाळून डिंकासारखं झालं होतं आणि पायलट जेट बंद. जेटमध्ये तार घालायची नाही, भोक मोठं होतं. क्लीनर मारायचा आणि हवेने फुंकायचं.

गाडी चालू झाली आणि गल्ली निळ्या धुराने भरली. आता इथे लक्ष द्या, कारण बरेच गॅरेजवाले इथेच "फुल इंजिन काम" सांगून मोकळे होतात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण ते ज्वलनकक्षात कुठून येतंय? दोन वाटा आहेत. वरून, म्हणजे व्हॉल्व्हचे सील कडक झाले असतील तर. अशा वेळी गाडी थंड असताना चालू केल्यावर भपकन धूर येतो आणि मग कमी होतो, कारण रात्रभर ठिबकलेलं ऑइल जळून संपतं. नाहीतर खालून, म्हणजे रिंगा किंवा बोअर झिजला असेल तर. मग गाडी गरम झाल्यावरसुद्धा प्रत्येक रेझला धूर येत राहतो. सील बदलणं काहीशे रुपयांचं काम, बोअर-पिस्टन काही हजारांचं. म्हणून आधी निदान, मग खर्च. आम्ही कोड डीबग करतो तसंच आहे, फक्त हात काळे होतात.

खात्री करायची तर कम्प्रेशन गेज लावा. आमचं रीडिंग आलं ९०. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत घेतलं, ते १३० झालं. ऑइलने रिंग आणि सिलिंडरमधली फट थोडा वेळ बुजवली म्हणून आकडा चढला, म्हणजे गळती तिथेच होती. आकडा चढला नसता तर संशय व्हॉल्व्हवर गेला असता. दोन मिनिटांची ही टेस्ट, मेस्त्रीला करायला सांगा. कुरकुर करतो, पण करतो.

बोअर करायला सिलिंडर कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेला. तिथल्या लेथवाल्यांची नजरच वेगळी. पिस्टन ओव्हरसाइझ मिळतात: ०.२५, ०.५० असे पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी. आमच्या बोअरच्या रेघा पाव मिलिमीटरमध्ये जाणार नव्हत्या, म्हणून ०.५०. एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली. आधी पिस्टन आणा, तो मोजून त्याच्या मापाने बोअर करू. डब्यावर माप छापलेलं असलं तरी पिस्टनागणिक किंचित फरक असतो, आणि फट कमी पडली तर गरम झाल्यावर इंजिन जाम होतं. बोअर ५० चा ५०.५ मिलिमीटर झाला, स्ट्रोक ४९.५, म्हणजे गुणाकार केला तर आता गाडी ९९.१ सीसीची. भावाला वाटलं पॉवर वाढली. असो.

टाकीत गंज होता. उरलेलं पेट्रोल पूर्ण काढून, पाण्याने धुऊन, कोमट पाण्यात किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व घालून एक दिवस भरून ठेवली. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली आणि लगेच वाळवून आत थोडं ऑइल फिरवलं. एवढं करायचं कारण आजचं पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं आणि इथेनॉल ओलावा धरून ठेवतं. २००५ ची गाडी त्यासाठी बनवलेलीच नाही. म्हणून पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटरच्या रबरी रिंगा नव्या घातल्या, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची नाही असं भावाला सांगून ठेवलंय.

ब्रेक आणि टायरवर मी मामीच्या बजेटमध्ये कुठेही हात आखडला नाही. टायर वरून छान काळे दिसत होते, नक्षीही शिल्लक होती. पण बाजूला चार आकडे असतात ते बघा. आमच्यावर होतं १४१३, म्हणजे २०१३ च्या चौदाव्या आठवड्यात बनलेला. बारा वर्षांचं रबर पावसात धरत नाही. दोन्ही बदलले. ब्रेक लायनिंग, चेन सेट, कोनसेट, चाकांचे बेअरिंग, केबल्स सगळं नवीन.

आता कस्टमाइजचं. मोडिफिकेशनचे व्हिडिओ बघून भावाला मागची चेसिस कापून कॅफे रेसर करायची होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने मंजूर करून घेतलेल्या रचनेत असा बदल चालत नाही आणि सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये हेच सांगितलं. शिवाय ऑक्टोबरमध्ये निरीक्षक गाडी समोर उभी करून बघणार होते. फटाके वाजवणाऱ्या सायलेन्सरचं तर विचारूच नका, पोलीस त्यावर रोडरोलर फिरवतात.

मग त्याला एलईडी हेडलाइट हवा होता. ह्या गाडीत हेडलाइटला करंट बॅटरीतून येत नाही, सरळ मॅग्नेटोमधून एसी येतो. म्हणून जुन्या स्प्लेंडरचा उजेड रेझ केल्यावर वाढतो. डीसीवर चालणारा एलईडी त्यावर लावला की फडफडतो आणि लवकर जातो. डीसी करायचं तर रेग्युलेटर आणि मॅग्नेटोचं वायरिंग बदलावं लागतं. पैसे नव्हते, म्हणून चांगल्या कंपनीचा साधा बल्ब आणि नवा रिफ्लेक्टर. फरक एवढा पडला की भाऊ गप्प झाला. हौस म्हणून सीट मात्र सपाट, तपकिरी रेग्झिनची शिवून घेतली. रंग काळाच ठेवला, कारण आरसीवर काळा आहे आणि रंग बदलला तर तोही आरटीओत नोंदवावा लागतो.

हिशोब: कागद, विमा, हरित कर आणि नवी नंबर प्लेट ६७००. इंजिन मजुरीसकट ८९००. टायर-ट्यूब ३३००. ब्रेक, चेन वगैरे ४१५०. बॅटरी-वायरिंग २२५०. टाकी आणि रंग २६००. सीट ७००. एकूण २८,६००. थर्ड पार्टी विमा या गाडीला वर्षाला ७१४ रुपये अधिक जीएसटी आहे, तो चुकवायचं काहीच कारण नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तपासणी झाली. आरसी आता २०३० पर्यंत, मामीच्या नावावर. नवा बोअर बसेपर्यंत पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या आत चालवायची आणि पाचशेला ऑइल बदलायचं. सध्या ६४० झालेत. पहिलं काढलेलं ऑइल चमचमत होतं, रिंगा बसताना तेवढा धातूचा भुगा निघतोच.

पुढच्या भागात तुमच्या गाड्या घेऊ. धुराचा व्हिडिओ पाठवणार असाल तर दोन पाठवा: एक सकाळी थंड गाडी चालू करतानाचा आणि एक दहा मिनिटं चालवून आल्यावरचा.