कर्करोगाच्या रुग्णाची पाठदुखी अंगावर काढू नका

वस्तीतल्या रुग्णांबरोबर रुग्णालयात जाताना एक गोष्ट आम्हाला वारंवार दिसते. स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन होऊन दोन-तीन वर्षे झालेली माउली पाठ दुखते म्हणते आणि घरची माणसे वय झाले म्हणून बाम चोळतात. कोणी गंडादोराही आणतो. त्यात मोलाचे महिने जातात.

स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड व थायरॉईड यांचा कर्करोग हाडांत पसरण्याचा संभव अधिक असतो. पाठीचा कणा, कमरेची हाडे आणि बरगड्या ही त्याची नेहमीची ठिकाणे. रक्तातून आलेल्या पेशी बहुधा आधी हाडातल्या मऊ गरात, म्हणजे अस्थिमज्जेत, ठाण मांडतात. साध्या एक्स-रेत मात्र हाडातील ३० ते ५० टक्के खनिज झिजल्यावरच खूण दिसते. म्हणून एक्स-रे चांगला आला एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

एमआरआय यंत्र मोठे चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीरातील पाणी व चरबी यांचे संकेत टिपते. मोठ्या माणसाच्या मज्जेत चरबी असते. ती एका प्रकारच्या चित्रात उजळ दिसते. कर्करोगाने तिची जागा घेतली की तेथे काळसर डाग उमटतो. हाड झिजण्यापूर्वीच रोग असा सापडू शकतो. मात्र प्रत्येक डाग कर्करोगाचा नसतो. मणक्याचा क्षयही तसा दिसू शकतो. कधी हाडाचा तुकडा तपासावा लागतो.

या तपासणीत एक्स-रेचे किरण नसतात. अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहावे लागते, यंत्राचा आवाज मोठा असतो, घाबरू नये. हृदयात पेसमेकर, मेंदूत क्लिप असेल, किंवा लेथ-वेल्डिंगच्या कामात डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर आधीच सांगावे. जुने सर्व रिपोर्ट बरोबर न्यावेत. खर्चाची अडचण असल्यास रुग्णालयातील समाजसेवा विभागात प्रथम विचारावे. संकोच करू नये.

कर्करोग झालेल्या माणसाचे पाय लुळे पडू लागले, बधिर झाले किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मज्जारज्जूवर दाब आल्याची ती खूण असू शकते. पाय पूर्ण गेल्यावर ते परत मिळणे कठीण असते.

आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतःच्या हातांनी केली होती. आपल्या घरातल्या दुखण्याची वेळेवर तपासणी करून घेणे, हीच आज आपली शुश्रूषा आहे.