नोंदीबाहेरचे वादक

आपला संगीताचा इतिहास मैफल आणि रंगभूमी यांच्याभोवतीच फिरतो. हॉटेलांत वाजणाऱ्या जॅझला त्यात स्थान नाही. वास्तविक लिओन ॲबी यांच्या कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंदाने १९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ आणले. पुढे तेथेच गोमंतकीय सॅक्सोफोनवादक मिकी कोरेया यांनी १९३९ ते १९६० पर्यंत स्वतःचा वाद्यवृंद चालविला. त्यांचे समकालीन ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्रांच्या चित्रपटगीतांना जॅझचा ठेका दिला. 'अलबेला' (१९५१) मधील गाणी आजही घरोघरी गुणगुणली जातात. ती सजविणारे वादक मात्र अपरिचितच राहिले. ज्यांच्या सुरांवर आपण पोसलो, त्यांची नावे विद्यार्थ्यांना सांगणे हे आपले कर्तव्य नव्हे काय?