येरमाळ्याची चुनखडी आणि विडीची राख

चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येडेश्वरीची पालखी आमराईकडे निघते, तेव्हा येरमाळ्याच्या रानात भाविक चुनखडी वेचतात. त्या खड्यावर लिंबू पिळलं की तो फसफसतो. विडीच्या राखेवर पिळून पाहा, तीही फसफसेल. तंबाखूच्या पानाने जमिनीतून शोषलेलं कॅल्शियम आणि पोटॅशियम जळल्यावर कार्बोनेटच्या रूपात मागे उरतं. सरपणाची राख वजनाच्या जेमतेम एक-दोन टक्के; वाळल्या तंबाखूची मात्र १५ ते २५ टक्के.

राखेवरून माल ओळखणाऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध शेरलॉक होम्स. त्याने १४० प्रकारच्या तंबाखूंच्या राखेवर प्रबंध लिहिल्याचं कथेतच येतं, आणि पहिल्याच कादंबरीत (१८८७) तो गडद, पापुद्र्यांच्या राखेवरून आपल्या तिरुचिरापल्लीचा सिगार ओळखतो. पण पांढरी राख म्हणजे उंची माल, हा शौकिनांचा समज अर्धवट आहे. मॅग्नेशियम जास्त असेल तर राख पांढरी पडते. पोटॅशियममुळे पान विझत नाही, क्लोरीनमुळे ते नीट जळत नाही आणि काळा कार्बन शिल्लक राहतो. म्हणून तंबाखूच्या पिकाला पोटॅशियम सल्फेट देतात, क्लोराइड टाळतात. रंगातून कळतात ती जमीन आणि खत.

वळणाऱ्याचा हात कळतो तो राखेच्या घडणीतून. उंची सिगारमध्ये अख्खी लांब पानं भरतात, म्हणून त्याची राख बराच वेळ टिकून राहते. विडीत चुरा असतो, तिची राख झडणारच. त्याचा दोष वळणारीला देऊ नये. तिचं कसब पाहायचं तर जळती कडा पाहावी. सोलापूरच्या विडी कामगार बायका मांडीवर सूप घेऊन बसतात. भिजवलेलं तेंदूचं पान कातरीने कापायचं, त्यावर तंबाखू पसरायची, गुंडाळून दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. तंबाखू एका अंगाला जास्त झाली की विडी तिरकी जळते. सैल वळली की निखारा गळतो. घट्ट झाली की ओढता येत नाही. हजार विड्या पुऱ्या करण्याच्या वेगात हे माप बोटांनीच सांभाळायचं, हे मला फार मोठं कसब वाटतं.

तेंदूच्या पानातून हवा सहज आत शिरत नाही. विडी विझू नये म्हणून ओढणारा वरचेवर, जोराने ओढतो आणि टार, कार्बन मोनॉक्साइड छातीत जास्त जातं. राखेत त्याची खूण सापडत नाही, कारण ते धुराबरोबर आधीच निघून गेलेलं असतं.